अंगभर सोनं घालून दिलेला जबाब

आमच्याकडच्या हळदीत पुरुष माणसं पंगतीला बसली की एकमेकांना खर्च सांगतात. मंडपाला किती गेले, डीजेला किती, मटणाला बोकड किती लागले. ज्याचा खर्च मोठा त्याचा आवाज मोठा. ज्याचा कमी झाला असेल तो ताटात बघून मुकाट जेवतो. अशाच एका पंगतीत परवा माझा थोरला भाऊ छाती काढून सांगत होता, "आमची पोर डॉक्टर व्हते. फीचा एक रुपया नाय दिला आमी. सरकार भरतं."

समोरच्यानं घास हातातच धरला. आपल्या मुलाच्या शिक्षणात किती ओतले ते त्यानं आत्ताच सगळ्यांना ऐकवून झालं होतं. "फुकट?" त्यानं विचारलं.

"फुकट नाय रे. मार्क द्यायला लागतात," दादा म्हणाला आणि त्यानं रस्सा मागवला.

मी तिथेच वाढत होते. हातातलं पातेलं खाली ठेवून टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं. हाच माझा दादा गेल्या वर्षी, हेच वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा, माझ्याकडे पाठ फिरवून बसला होता. ते त्याच्या तोंडून कसं निघालं ते मला सांगायचं आहे, कारण त्या दिवशी मला माझ्या माहेरचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

आम्ही ठाण्यातल्या कोलशेतचे आगरी. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भातशेती केली. मग कंपन्या आल्या, त्यांच्या मागून टॉवर आले. जमिनी गेल्या आणि पैसा आला. आला तसा तो दिसायलाही लागला. गळ्यात, मनगटावर, दारातल्या गाडीत. लोक आम्हाला हसतात ते मला ठाऊक आहे. डोंबिवलीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते तिथल्या स्टाफरूममध्ये एकदा कोणीतरी "तुमच्या लोकांचं ते सोनं" म्हणून तोंड वाकडं केलं, तेव्हा मी त्या बाईंना डबा खाऊ दिला नव्हता. पिढ्यान्पिढ्या मिठाच्या पाण्यात ज्यांचे पाय फुटले त्यांनी चार दिवस हौस केली तर तुमचं काय जातं? राग माझ्या नाकावरच असतो, वर्गातल्या मुलांनाही ते माहीत आहे.

पण हौसेबरोबर आमच्या घरात एक खोडही आली. पैसे नाहीत, हे कोणी उघड बोलत नाही. वेळ नाही म्हणतील, तब्येत बरी नाही म्हणतील, मुहूर्त नाही म्हणतील. पैसे नाहीत असं म्हणणार नाहीत.

आम्ही चार भावंडं. थोरला दादा, मग मी, मग मधला आणि शेवटी धाकटा. मी लग्न होऊन ठाकुर्लीला आले. तिघे भाऊ कोलशेतलाच राहिले. दादाच्या हाताला यश होतं. त्यानं जमिनीच्या पैशातून गाळे घेतले, भाड्यानं दिले, बंगला बांधला. मधला त्याच्या जोडीनं उभा राहिला. धाकट्यानं डंपर घेतले आणि दोन्ही डंपर त्याला घेऊन बुडाले. तेव्हा खाडीजवळच्या जमिनीतला आपला हिस्सा त्यानं दादाला देऊन टाकला आणि कर्ज फेडलं. कागद वगैरे काही केला नाही. भावाभावांत कागद कशाला, असं आमच्याकडे म्हणतात, आणि पुढे त्यातच सगळे अडकतात. सातबाऱ्यावर तिघांची नावं तशीच राहिली. त्या जमिनीवर आज कंटेनर उभे असतात आणि त्यांचं भाडं दादाच्या खात्यात जमा होतं. त्यात गैर काही नव्हतं. दादानं धाकट्याच्या हिश्श्याचे पैसे मोजले होते आणि मधल्याचाही हिस्सा आधीच घेतला होता.

भांडण झालं ते एका वाक्यावरून. कोणाच्या तरी साखरपुड्यात, चारचौघांत, दादा धाकट्याला म्हणाला, "तुला धंदा जमत नाय, तू आपली नोकरीच कर." धाकट्यानं खरंच एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी धरली आणि दादाचा उंबरा सोडला. गणपती आमच्याकडे थोरल्याच्या घरी बसतो. धाकटा दर्शनाला यायचा, पण दादा झोपलेला असेल अशी वेळ बघून. दादाही त्या वेळेला झोप आली नसली तरी आत जाऊन पडायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

धाकट्याची बायको तांदळाच्या भाकऱ्या करते. घोडबंदर रोडवरच्या दोन-तीन खानावळींना तिच्याच भाकऱ्या जातात. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, त्या चुलीशेजारी बसून शिकली. आई भाकऱ्या थापायची, ही त्या कागदात गुंडाळायची आणि मांडीवरच्या पुस्तकातून हृदयाचे कप्पे पाठ करायची. बारावीनंतर पहिल्या वेळी नीटला तिचे मार्क कमी पडले. तिनं एक वर्ष घरी काढलं. सगळे म्हणाले, नर्सिंगला टाका, फार्मसीला टाका. ती हो म्हणायची आणि परत पुस्तक उघडायची. दुसऱ्या वेळी तिला असे मार्क पडले की निकाल बघून तिनं पहिल्यांदा वेबसाइटच चुकीची आहे असं ठरवलं.

सरकारी यादीतून तिला एका खासगी मेडिकल कॉलेजमध्ये जागा मिळाली. त्या कॉलेजची फी ऐकून धाकटा नुसता खुर्चीत बसून राहिला. पण आता आपल्या राज्यात मुलींची ती फी सरकार भरतं. आमच्यासारख्या समाजातल्या मुली, घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर, मार्कांवर मिळालेल्या जागेवर शिकतात आणि कॉलेजला पैसे सरकारकडून जातात. माझ्या वेळी असं काही असतं तर, असा विचार मी दर वेळी करते आणि दर वेळी मला थोडं रडू येतं. माझी डीएड करायची सोय झाली तीसुद्धा आईनं गुपचूप बांगडी मोडली म्हणून.

तर, पाहिजे होता फक्त उत्पन्नाचा दाखला. धाकट्याचा पगार आणि त्याच्या बायकोच्या भाकऱ्या मिळून ते मर्यादेच्या कितीतरी आत होते. अर्ज केला, चौकशी तलाठ्याकडे गेली आणि तलाठ्यानं सातबारा उघडला. खाडीजवळची जमीन, कंटेनरचं तळ, मालक तिघे भाऊ. तुमच्या हिश्श्याचं भाडं कुठं दाखवलंय, असा प्रश्न आला. ते भाडं धरलं तर धाकटा मर्यादेच्या बाहेर जात होता.

"मी सांगितलं, भाडं मी घेत नाय," धाकटा मला फोनवर म्हणाला. "तर तलाठीबाई बोलली, मग जो घेतो त्याला आना. त्यानं जबाब द्यायचा. दुसऱ्या भावानं साक्ष द्यायची."

"मग आण ना!"

त्यानं मला जेवलीस का ते विचारलं. मला कळलं. प्रवेशाची मुदत तीन-चार दिवसांवर आली होती आणि हा माणूस भावाच्या दारात जायला तयार नव्हता. "जाऊ दे गं बाय," तो म्हणाला. "नशिबात नसंल." नशीब हा शब्द ऐकून माझा पारा चढला. पोरीनं दोन वर्षं डोळे फोडून जागा मिळवली होती, त्यात नशीब कुठून आलं? मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ठाण्याला निघाले.

धाकट्याच्या घरी पोचले तर भाची एकटीच होती, भाकऱ्यांची पार्सलं बांधत. मी तिला सरळ विचारलं, "दादाकाका फी भरायला तयार झाला तर?" कारण दादाला मी ओळखत होते. तो तेच म्हणणार.

तिनं दोरीची गाठ मारली. "नको आत्या. काका मनानं मोठा आहे, भरेल तो. पण मग पप्पा त्याच्यासमोर परत कधी मान वर करणार नाही. आणि माझी फी सरकार भरतंय ना? मी मार्क आणलेत. मी कोणाकडे हात पसरत नाहीये."

ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, कपाळाला पीठ लागलेलं. तिचं बोलणं ऐकून मला एकदम तिच्याहून लहान झाल्यासारखं वाटलं. मी तिचं कपाळ पदरानं पुसलं आणि तिथून उठून दादाच्या बंगल्यावर गेले.

दादा हॉलमध्ये मोठ्या सोफ्यावर बसला होता. वहिनीनं पाणी आणलं. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. दादा ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बंद होत होता.

"फी मी भरतो," तो म्हणाला. "किती हाय ती सांग. सरकारच्या दारात कनाला जायचा?"

"फी तुझ्याकडून घ्यायची नाही म्हणते पोर."

"का? मी परका हाय?"

"परका नाहीस. पण ती फी तिची आहे, तिनं कमावलेली. तू फक्त येऊन खरं ते सांग. भाडं तू घेतोस, धाकटा घेत नाही."

तेव्हा त्यानं पाठ फिरवली. खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "म्हंजे मी कचेरीत जाऊन सांगू, माझा भाव गरीब हाय? गावाला ऐकवू? लोक काय बोलतील? थोरला सगला गिलून बसला, धाकट्याला दाखल्याच्या लायनीत उभा केला. बाय, मना जमनार नाय."

आत्ता लिहिताना मला त्याचं म्हणणं कळतं. त्याला पैशाचा लोभ नव्हता. गावात त्याची मान ताठ होती ती कुटुंबाच्या नावावर, आणि मी त्याला ते नाव कचेरीच्या टेबलावर ठेवायला सांगत होते. पण त्या वेळी माझं डोकं फिरलं होतं.

मी उभी राहिले. "दादा, बाबा गेल्यावर तू मला एका कागदावर सही करायला बोलावलंस. हक्कसोड. बहिणीनं हिस्सा सोडायचा. मी एक शब्द बोलले नाही. तू एक साडी दिलीस, मी ती घेतली. का सोडला मी हिस्सा? घर एक राहावं म्हणून. तुम्हा तिघांत बसून जेवता यावं म्हणून. आणि तुम्ही काय केलंत? गणपतीला एकमेकांच्या झोपेच्या वेळा बघता! मी तेव्हा जमीन मागितली नाही. आज एक जबाब मागते. तोही माझ्यासाठी नाही."

वहिनी दाराशी उभी होती. ती कधी मध्ये बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "जावा ओ. पोरीची जात हाय, शिकू दे."

दादानं मागे वळून बघितलं नाही. मी पाणी न पिताच निघाले. रिक्षात बसून रडले, मोठ्यानं. रिक्षावाल्यानं आरसा वळवला आणि रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर दादाचा आवाज आला. "कचेरी किती वाजता उघरते?" एवढंच. मी वेळ सांगितली. "मधल्याला पन आनतो. धाकट्याला बोल, थेट तिकरं ये." फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तशीच, न जेवता, परत ठाण्याला पळाले.

मी, धाकटा आणि भाची तलाठी कार्यालयाच्या खाली उभे होतो. वर जाणाऱ्या जिन्यावर दाखल्यासाठी आलेले लोक बसले होते, हातात पिशव्या, पिशव्यांत झेरॉक्स. धाकट्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून दोन गाड्या आल्या. एक दादाची काळी, एक मधल्याची पांढरी, दोन्ही नुकत्याच धुतलेल्या.

दरवाजे उघडले आणि मी कपाळाला हात लावला.

कचेरीत जायचं म्हणून माझे भाऊ नटून आले होते. दादाच्या गळ्यात दोन चेन, एक जाड आणि एक त्याहून जाड, मनगटावर कडं, चार बोटांत अंगठ्या. मधला काही मागे नव्हता, त्याच्या पेंडंटवरची गावदेवी लांबूनही दिसत होती. दोघांचे कडक पांढरे कपडे, गॉगल, अत्तर. सरकारी माणसासमोर जायचं तर कुटुंबाची शोभा दिसली पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. भावाचं उत्पन्न कमी आहे हे सांगायला आपण आलोय, आणि ते सांगताना आपण कसे दिसतोय, हे दोन्ही विचार एकत्र त्यांना सुचलेच नव्हते. माझ्या माहेरच्या माणसांनाच हे असं जमतं. जिन्यावरचे लोक तोंडाला रुमाल लावून हसायला लागले.

दादा धाकट्यासमोर येऊन थांबला. इतक्या वर्षांनी दोघे एवढे जवळ उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. दादानं धाकट्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मोकळा गळा, साधं घड्याळ. त्याचा चेहरा एकदम कसातरी झाला. त्यानं स्वतःच्या गळ्यातली जाड चेन काढली आणि काही न बोलता धाकट्याच्या गळ्यात घातली.

"दादा, अरे हे काय करतोस?" मी म्हणाले.

"आमचा भाव लोकांसमोर असा उभा रानार नाय," दादा म्हणाला.  "चला वर."

मी ओरडणार होते. पण धाकट्याकडे बघितलं आणि थांबले. तो खाली बघून त्या चेनला बोट लावत होता. आणि मग आम्ही सगळे वर गेलोसुद्धा.

तलाठी म्हणजे एक तरुण बाई होत्या, सोलापूरकडच्या असाव्यात बोलण्यावरून. टेबलावर कागदांचे ढीग, वर घरघरणारा पंखा. त्यांनी मान वर केली, आम्हाला बघितलं, आणि पेन खाली ठेवलं.

"कशासाठी आलाय?"

"उत्पन्नाच्या दाखल्याचा जबाब," मी म्हणाले.

त्यांनी तिन्ही भावांकडे एकेक करून पाहिलं. "ह्यातलं कमी उत्पन्न कुणाचं आहे?"

मागून कोणीतरी फसकन हसलं. धाकटा पुढे झाला. बाईंनी त्याचा अर्ज काढला, वाचला, आणि त्याच्या गळ्याकडे बघितलं. "ही चेन?"

 मला वाटलं, संपलं. पोरीची जागा ह्या एका चेनपायी गेली. आणि त्यातच दादा म्हणाला, ताठ मानेनं म्हणाला, "त्याचीच हाय. आमच्या घरात कोनाचा गला मोकला नसतो."

बाईंनी खांदे उडवले. "मग मी काय लिहू, तुम्हीच सांगा. अशी चेन घालणाऱ्या माणसाला कमी उत्पन्नाचा दाखला मी कशाच्या आधारावर देऊ?"

दादाला तेव्हा कळलं आपण काय केलं ते.  मधला भिंतीवरच्या नोटिसा वाचायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर भाचीची दोन वर्षं उभी राहिली, ती चूल, ते पीठ लागलेलं पुस्तक, आणि मला दादाला गदागदा हलवावंसं वाटलं.

धाकट्यानं दोन्ही हातांनी चेन काढली आणि टेबलावर ठेवली. तो कधी मोठ्यानं बोलत नाही. तेव्हाही बोलला नाही, पण प्रत्येक शब्द ऐकू आला.

"मॅडम, ही माझी नाय. माझ्या दादाची हाय. आत्ता खाली घातली त्यानं, मी बरा दिसावा म्हनून. मी कंपनीच्या स्टोअरला कामाला हाय, पगाराचं सर्टिफिकेट लावलंय. माझी बायको भाकऱ्या करते, तेपन लिहिलंय. खाडीच्या जागेतला माझा हिस्सा मी दादाला दिला, पैशे घेतले, कर्ज फेरलं. त्या भाड्यावर माझा हक नाय आनि मी तो मागत पन नाय. आमच्यात लाजन्यासारखं काय नाय." मग तो दादाकडे वळला. "दादा, तिनं तिचं काम केलंय. दाखला आनायचा, एवढं एकच काम माझं हाय. तेवढं मना करू दे."

मी खूप माणसं बघितली आहेत, वर्गासमोर, सभेत, व्यासपीठावर बोलणारी. माझ्या धाकट्या भावासारखं उभं राहून बोलताना मी कोणाला पाहिलं नाही. त्याच्या पोरीनं त्याचा हात धरला होता. तिचे डोळे भरले होते, पण मान सरळ होती.

दादानं शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात पासबुक होतं. मला ते माहीतच नव्हतं. म्हणजे घरून निघतानाच तो खरं सांगायची तयारी करून आला होता, फक्त सांगायचं कसं ते त्याला उमजत नव्हतं. त्यानं पासबुक टेबलावर ठेवलं आणि ते उघडून दाखवलं. "भारं इथं येतं मॅडम. सगलं माझ्या खात्यात. ह्याला काय जात नाय. मघाशी मी खोटं बोललो." एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्या शब्दावर लग्नं ठरतात, तो मुलीच्या वयाच्या त्या बाईंसमोर म्हणाला, "मापी करा."

बाईंनी माफीबिफीकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पासबुकाची पानं उलटली, झेरॉक्स आणायला लावली, मधल्याला दोन-चार प्रश्न विचारले. मधला खरं ते बोलला आणि बोलताना एकदाही दादाकडे बघितलं नाही. मग त्या लिहायला लागल्या. आम्ही सगळे उभे होतो. जिन्यावरचे लोक दारात गोळा झाले होते, आता कोणी हसत नव्हतं. एका म्हातारीनं भाचीला विचारलं, "कसला दाखला गं?" भाची म्हणाली, "डॉक्टरकीला ॲडमिशन मिळालीय आजी, फी सरकार भरणार आहे." म्हातारीनं तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

सरकारी पैसे म्हटले की आपल्याकडे लोकांना ओशाळं वाटतं, ते मला कधीच पटलं नाही. पोरी डॉक्टर व्हाव्यात असं सरकारला वाटतं, म्हणून ते भरतं. आमची पोर डॉक्टर होणार, म्हणून ती घेते. आमच्या खाडीवरून रस्ते गेले, पाइप गेले, आमच्या शेतांवर शहर उभं राहिलं. त्या शहरातून आमच्या एका मुलीच्या वाट्याला एक पांढरा कोट आला तर ती मान खाली घालायची गोष्ट नाही. उलट ताशे लावून सांगायची गोष्ट आहे. त्या खोलीत उभं राहून मला हे इतकं स्पष्ट वाटत होतं की कोणी विरुद्ध बोललं असतं तर मी भांडले असते. 

लिहून झाल्यावर बाईंनी जबाब वाचून दाखवला. तसा नियम असतो, सही करण्याआधी ऐकवायचा. माझा धाकटा भाऊ अमुक ठिकाणी नोकरी करतो. सदर जमिनीचं भाडं मी एकटा घेतो. त्यातील कोणतीही रक्कम माझ्या भावाला मिळत नाही. त्याच्या कुटुंबाचं उत्पन्न केवळ पगार आणि घरगुती व्यवसायातून आहे. दादा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मला वाटत होतं की प्रत्येक वाक्याबरोबर तो थोडा वाकेल, थोडा लहान होईल. तसं काही झालं नाही. वाचन संपेपर्यंत तो चांगला सरळ उभा राहिला होता.

"बरोबर आहे?" बाईंनी विचारलं आणि सहीची जागा दाखवली.

दादानं पेन घेतलं, पण सही केली नाही. "आजून एक लिवायचं ऱ्हायलं."

"काय?"

"ही पोर आमच्या घरातली पयली डॉक्टर व्हनार हाय. ह्ये पन जबाबात लिवा."

"त्याची गरज नाही," बाई म्हणाल्या. "उत्पन्नाच्या जबाबात ते लागत नाही."

"लागत नसंल," दादा म्हणाला. "पन भाव कमी कमावतो ह्ये मी सही करून देतो. मग त्याची पोर काय करते, त्याच्यावर पन मना सही करायची हाय. लिवा."

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा भाचीकडे. मग कागद परत पुढे ओढला आणि शेवटच्या ओळीखाली लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर, नियमाप्रमाणे, त्यांनी ते वाक्यसुद्धा मोठ्यानं वाचून दाखवलं. दादानं सही केली.